पिकअपमागचा ट्रेलर आणि त्याचे दणके: कामाच्या नोंदी, एप्रिल ते जून २०२५

५ एप्रिल, शनिवार

कोविडनंतर आपल्या ओळखीच्या बऱ्याच मंडळींनी कॅम्पिंगचे ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, घेतलेत आणि दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, की तुझा पण असाच उडतो का रे. म्हणून या वेळी काम करता करता तारखेवार लिहून ठेवतोय, ज्याला लागेल त्याने वापरा.

गाडी फोर्डची एफ-१५० पिकअप, चार दारांची, मागचा हौदा म्हणजे बेड साडेपाच फुटी, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर (व्हीलबेस) १४५ इंच. ट्रेलर २६ फुटी, दोन ॲक्सल प्रत्येकी ३,५०० पाउंडांचे, खाली साधे पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग, आणि बहुतेक ट्रेलरांसारखंच शॉक ॲब्सॉर्बर अजिबात नाहीत. दोन्ही सेकंडहँड. राहतो डेट्रॉइटच्या पश्चिमेला. मिशिगनचे रस्ते इथल्यांना सांगायला नकोत, बाकीच्यांसाठी एवढंच की थंडीत जमीन गोठून फुगते, मार्च-एप्रिलमध्ये सुटते आणि काँक्रीटच्या स्लॅबांच्या कडा वरखाली होऊन बसतात, मग हायवेवर प्रत्येक सांध्याला टक-टक, टक-टक.

मागच्या सीझनला आम्ही नुसतंच "राईड फार रफ आहे" म्हणत होतो आणि त्यावर जो जे सुचवेल ते विकत घेत होतो. आज बसून तक्रारी वेगळ्या केल्या तर तीन निघाल्या. पहिली, डोलणं: ताशी साठ मैलांच्या स्पीडला गाडीचं नाक वर-खाली, वर-खाली, एकदा सुरू झालं की पुढचा मैलभर थांबत नाही, मागे बसलेल्या पोरीला याचीच मळमळ होते. दुसरी, हिसके: ट्रेलर मागून ढकलतो आणि ओढतो, सीटच्या पाठीला गुद्दे बसल्यासारखं होतं, ब्रेक मारताना आणि सोडताना जास्त. तिसरी, दणके: हे गाडीत फारसे कळत नाहीत, मुक्कामाला पोचून ट्रेलरचं दार उघडलं की कळतात. मागच्या ऑगस्टमध्ये दार उघडलं तर हळदीचा डबा वरच्या कपाटातून निघून सिंकमध्ये, कपाटाच्या बिजागरीचे स्क्रू जमिनीवर, आणि मायक्रोवेव्हची पट्टी लोंबकळत होती. लाल डब्याच्या शेवटच्या सीटवर बसून घाट उतरल्यावर पोटाचं जे होतं तेच आमच्या भांड्यांचं झालं होतं.

तिन्हींची कारणं वेगळी असणार असा अंदाज आहे, बघू.

६ एप्रिल

आधी सस्पेन्शनच्या एअरबॅगचं लिहितो कारण सगळ्यांचा पहिला सल्ला हाच असतो. ज्या डीलरकडून ट्रेलर घेतला त्याने मागच्या सप्टेंबरमध्ये सांगितलं की गाडी मागून बसतेय, एअरबॅग टाका, राईड मऊ होईल. पाटे आणि चेसिसच्या मधे बसणारी, हवा भरायच्या रबरी पिशव्यांची जोडी, बसवून ४२० डॉलर. चाळीस पीएसआय दाबाने भरल्या तर गाडी दिसायला एकदम सरळ झाली, फोटोत मस्त, आणि राईड आधीपेक्षा वाईट.

का, ते शेजाऱ्याने सांगितलं. तो रिटायर्ड ट्रक मेकॅनिक आहे, बोलतो कमी. त्याचं म्हणणं, एअरबॅग मागचं बूड उचलते पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत आणत नाही. ते काम हिचच्या, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या जोडणीच्या, स्प्रिंग बारचं, म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन हिचच्या त्या दोन लांब दांड्यांचं. उलट मागचा भाग हवेने वर गेला की दांड्यांवरचा ताण सैल पडतो आणि त्यांचं असलेलं कामही कमी होतं. वर पाटे कडक होतात ते वेगळंच.

तर आज दोन्ही बॅगा ५ पीएसआयवर आणल्या. एकदम रिकाम्या करायच्या नाहीत, बॅग घडी पडून फाटते. आधी हिच नीट लावायची आणि मगच गरज उरली तर हवा भरायची. मला पुढे गरज उरली नाही, म्हणजे ४२० गेले.

१३ एप्रिल, रविवार

वजनकाटा. हे काम सगळ्यात आधी करायला हवं आणि सगळे सगळ्यात शेवटी करतात. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, पहिल्या वजनाला पंधरा डॉलरच्या आसपास आणि चोवीस तासांत तिथेच परत केलं तर पुढच्या प्रत्येकाला पाचेक डॉलर. रविवारी सकाळी सातला गेलो, ट्रकवाल्यांची लाईन नसते, आपण मधेच घुटमळलो तरी कुणी हॉर्न मारत नाही.

काट्याचे तीन वेगळे प्लॅटफॉर्म असतात. गाडीची पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर, खांबावरचं बटण दाबून आत सांगायचं, चिठ्ठी काउंटरवर मिळते. फोनवरचं ॲप आहे, त्यात उतरावंही लागत नाही. बटण ट्रकच्या उंचीवर असल्यामुळे पिकअपमधून हात पोचत नाही, मी दार उघडून पायदानावर उभा राहिलो.

तीन वजनं केली: दांड्या लावून, दांड्या काढून, आणि ट्रेलर पार्किंगच्या कडेला सोडून नुसती गाडी. तिन्ही वेळा माणसं तीच, पेट्रोल तेवढंच, हिचचं डोकं गाडीलाच लावलेलं. नाहीतर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

नुसती गाडी: पुढे ३,१२०, मागे २,६०० पाउंड.
दांड्या न लावता: पुढे २,८००, मागे ३,६४०, ट्रेलर ५,५८०.
डीलरने लावून दिल्याप्रमाणे दांड्या लावून: पुढे २,८६०, मागे ३,५४०, ट्रेलर ५,६२०.

आता हे वाचायचं कसं. ट्रेलर जोडल्यावर गाडीचं वजन ५,७२० वरून ६,४४० झालं, म्हणजे ट्रेलरच्या नाकाचा भार, टंग वेट, ७२० पाउंड. ट्रेलर एकूण ६,३०० चा, म्हणजे साडेअकरा टक्के. दहा ते पंधरामध्ये असावं असं सगळीकडे सांगतात, त्यात बसतंय. पण पुढच्या चाकांवरून ३२० पाउंड उडाले आणि दांड्यांनी त्यातले फक्त ६० परत आणले! म्हणजे गाडी पुढून हलकी, मागे खच्चून, आणि मधे लांब फळीसारखी झुलतेय. डोलणार नाही तर काय.

सायकलींचंही गणित सुटलं. आज त्या घरी होत्या, पण मागच्या वर्षी चार सायकली आणि रॅक मिळून दीडशे पाउंड ट्रेलरच्या मागच्या बंपरवर टांगले होते. एवढ्या लांब मागे दीडशे टांगले की नाकावरचे सव्वाशेच्या आसपास कमी होतात, म्हणजे ७२० चे ६००, म्हणजे एकूण वजनाच्या साडेनऊ टक्क्यांच्याही खाली. मागच्या जुलैत मोठा ट्रक बाजूने गेला की ट्रेलर शेपटी हलवायचा त्याचं कारण हे. डोलणं त्रासदायक असतं, शेपटी हलवणं जीवावर बेततं, त्यामुळे सायकली आजपासून पिकअपच्या बेडमध्ये. बायको म्हणाली मग सरपण आणि खुर्च्या कुठे, तर त्या ट्रेलरच्या पुढच्या डिकीत.

१९ एप्रिल, शनिवार

हिच. पूर्ण दिवस गेला, ठरवला होता अर्धा.

सपाट जागा हवी, आमचा ड्राईव्हवे उताराचा, म्हणून जवळच्या शाळेचं पार्किंग. पुढच्या चाकाच्या वरच्या कमानीची उंची टेपने मोजायची: ट्रेलर न जोडता ३८ इंच, जोडून पण दांड्या न लावता ३९ आणि पाव. गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की दांड्या लावल्यावर उंची या दोन्हींच्या साधारण मध्यावर यावी, म्हणजे ३८ आणि पाच अष्टमांश. पूर्ण ३८ वर आणायचा हट्ट करायचा नाही, मागची चाकं हलकी पडतात. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर ते ऐका.

डीलरने लावल्यावर आमची होती ३९ च्या किंचित वर.

शिवाय ट्रेलर नाक वर करून उभा होता, पुढची चेसिस मागच्यापेक्षा दीड इंच उंच. मग शँकवर, म्हणजे गाडीखालच्या नळीत शिरणाऱ्या जाड दांड्यावर, हिचचं डोकं एक भोक खाली घेतलं आणि डोक्याचा तिरकेपणा वाढवायला आतले वॉशर तीनवरून सहा केले. ऐकायला सोपं आहे. ते डोकं चांगलंच जड, आणि मोठे बोल्ट तीनशेच्या वर फूट-पाउंडांना आवळायचे असतात, माझा टॉर्क रेंच दीडशेला संपतो. शेजाऱ्याकडे पाऊण इंची ड्राईव्हचा मोठा रेंच होता, तो आणि तो स्वतः दोघेही आले. त्याने सोडताना बोल्ट हाताने तपासले तर एक बोल्ट जेमतेम आवळलेला होता, म्हणजे आम्ही पूर्ण सीझन तसेच फिरलो. यावर तो काहीच बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

दांड्या जोर लावून चढवायला जाऊ नका. ट्रेलर हिचच्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, लॉक करून नाकाच्या जॅकने ट्रेलर आणि गाडीचं बूड दोन्ही मिळून वर उचलायचे, दांड्यांवरचा ताण जातो आणि त्या हाताने सरकतात. मागच्या वर्षी मी लोखंडी पहारीने त्या वर चढवायचो, एकदा पहार सटकून नडगीवर आली होती.

पाच वॉशरला ३८ आणि सात अष्टमांश, सहाला ३८ आणि पाच अष्टमांश. सहा ठेवले. ट्रेलर आता जवळपास सरळ, नाक अर्धा इंच खाली.

२६ एप्रिल

परत काटा: पुढे २,९६०, मागे ३,३६०, ट्रेलर ५,७००. गेलेल्या ३२० पैकी १६० परत आले, म्हणजे बरोबर निम्मे. सहाही वॉशर हिशोबात बसले.

मग आय-९६ वर लान्सिंगपर्यंत जाऊन आलो. डोलणं खूप कमी. सांध्यावर नाक उठतं पण एक-दोन हेलकाव्यात शांत होतं. काँक्रीटच्या एका पट्ट्यात ते परत सुरू झालं तेव्हा स्पीड ६३ वरून ५८ केला आणि थांबलं. स्लॅबची लांबी आणि गाडीचा वेग यांचा ताल जुळला की कुठलीही गाडी डोलते, त्यावर सामान विकत घेऊन उपाय नाही. पाच मैल कमी-जास्त करा.

हिसके मात्र जसेच्या तसे. उलट डोलणं गेल्यामुळे आता तेच जाणवतात.

२७ एप्रिल

हिसके म्हणजे कुठेतरी प्ले आहे, ढिलेपणा. शोधायची पद्धत सोपी आहे: मुलाला फोन घेऊन हिचच्या बाजूला बसवलं, चाकांपासून लांब, ट्रेलरच्या चाकांना मागून-पुढून ओंडके लावले, आणि गाडीतून ट्रेलर ब्रेकचा हाताचा लिव्हर दाबून धरून गाडी जरा पुढे, जरा मागे. व्हिडिओ स्लो करून बघितला. दोन जागा सापडल्या.

पहिली, रिसिव्हर, म्हणजे गाडीखालची नळी. दोन इंची नळीत दोन इंची शँक म्हणतात पण मधे फट असतेच, पिनसुद्धा भोकात हलते. त्यावर यू-बोल्टसारखा क्लॅम्प येतो, ३० डॉलर, दहा मिनिटांचं काम.

दुसरी आणि मोठी, कपलर, म्हणजे ट्रेलरच्या नाकावरची बॉलवर बसणारी वाटी. बॉल कपलरमध्ये पाव इंच पुढे-मागे जात होता. लॅच बसला, पिन लागली, सगळं बरोबर दिसतं, पण आतला पंजा बॉलला पकडतच नाही. कपलरच्या खाली बॉलच्या मागे एक नट असतो, तो थोडा थोडा आवळायचा. लॅच हाताने जोर लावून बंद व्हायला हवा पण हातोडी लागता कामा नये. आवळल्यावर जॅकने नाक वर उचलून बघायचं की बॉल सुटत नाही ना, गाडीचं बूड सोबत उचललं पाहिजे. बॉलवर कपलरवर लिहिलेलाच आकडा हवा, आमचा २ आणि पाच षोडशांश इंच. हेही एकदा डोळ्यांनी वाचून घ्या, दोन इंची बॉलवर हा कपलर बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निघतो.

ट्रेलर ब्रेकचा गेन, म्हणजे जोर, तोही वाढवला. मोकळ्या पार्किंगमध्ये २०-२५ च्या स्पीडला नुसता हाताचा लिव्हर दाबायचा, ट्रेलरने गाडीला ठामपणे मागे खेचलं पाहिजे पण चाकं घसरता कामा नयेत. आमचा एवढा कमी होता की थांबवायचं काम सगळं गाडीच करत होती आणि ट्रेलर मागून येऊन आदळत होता.

हिसके नव्वद टक्के गेले. ३० डॉलर आणि एक दुपार! मागच्या वर्षी याच तक्रारीवर एका दुकानाने ९०० डॉलरची स्प्रिंगवाली हिच सुचवली होती.

३ मे

टायर. छोटी नोंद पण दणक्यांचा बराच भाग इथे निघाला.

ट्रेलरवर एसटी (खास ट्रेलरचे) २२५/७५ आर १५, लोड रेंज म्हणजे भार पेलायची श्रेणी ई. ट्रेलरच्या स्टिकरवर याच साईजचा डी रेंज आणि ६५ पीएसआय. आधीच्या मालकाने जास्त ताकदीचे टाकले, चांगलं केलं, पण टायरवाल्याने टायरच्या बाजूवर लिहिलेले ८० भरले. ८० ला तो टायर २,८३० पाउंड उचलतो, आमच्या चारांवर प्रत्येकी जेमतेम १,४२५ येतात. म्हणजे टायर नाही, लाकडाचा ओंडकाच. ६५ ला तोच २,५४० उचलतो, तरी भरपूर शिल्लक. ६५ वर आणले, सकाळी थंड असताना मोजून. बरेच जण म्हणतात ट्रेलरला कायम कमाल प्रेशरच ठेवा, त्यांच्याशी भांडायचं नाही, कमी हवेने एसटी टायर तापतात आणि फुटतात हे खरंच आहे. म्हणून मी स्टिकरच्या खाली जाणार नाही, काट्यावर वजन केल्याशिवाय कमीही केले नसते, आणि चाकाचाकावर वजन समान नसतं म्हणून शिल्लक ठेवलीच पाहिजे.

गाडीवर एलटी (हलक्या ट्रकचे) टायर आहेत, त्यात ६५ होते. टायर कंपनीचं लोड टेबल बघून ओढताना पुढे ४५, मागे ५५. रिकामी फिरताना आणखी कमी.

१० मे, शनिवार

आता ट्रेलरच्या खाली. बाजारातल्या बऱ्याच ट्रेलरमध्ये पाट्याच्या डोळ्यात, इक्वलायझरमध्ये, सगळीकडे नायलॉनचे बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्या, असतात आणि ग्रीस घालायला जागा नसते. किट मागवलं होतं: रबर असलेला इक्वलायझर, म्हणजे दोन ॲक्सलच्या पाट्यांना जोडणारा मधला तुकडा, जाड शॅकल म्हणजे पाटा इक्वलायझरला जोडणाऱ्या पट्ट्या, ब्राँझचे बुश आणि ग्रीस निपल असलेले बोल्ट. २३० डॉलर. ऑर्डर करताना दोन ॲक्सलमधलं अंतर विचारतात, ३३ का ३५ इंच, हबच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. आमचं ३३. ऑर्डरवर ३३, पावतीवर ३३, आणि खोक्यात ३५ चं निघालं. सकाळी आठला जॅक लावून तयार होतो, साडेआठला सगळं उतरवून ठेवलं. विकणाऱ्याने बदलून दिलं पण आठवडा गेला. खोकं आल्या आल्या उघडून मापून घ्या.

फुकट गेलेल्या दिवशी आतली मांडणी बदलली. ट्रेलरच्या ॲक्सलच्या मागचा भाग सगळ्यात जास्त आपटतो आणि आमचं स्वयंपाकाचं सगळं जड सामान नेमकं तिथेच, मागच्या पँट्रीत: कणकेची वीस पाउंडांची बॅग, तांदूळ, कुकर, बिडाचा तवा. ते सगळं मधे ॲक्सलच्या वर, जमिनीलगतच्या खणात आणलं. मागे आता उशा, टॉवेल, पोरांची खेळणी. बायकोचं म्हणणं की तवा काढायला गुडघ्यावर बसावं लागतं, तिचं बरोबर आहे, पण तो वर ठेवला तर कपाटाचं दार घेऊन खाली येतो.

१७-१८ मे

एका दिवसाचं काम म्हणतात. शनिवार सगळा एका बाजूला, रविवार दुपारपर्यंत दुसरी.

ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवला, दुसऱ्या बाजूच्या चाकांना ओंडके. जॅक चेसिसच्या बीमखाली, पाटा ज्याला लटकतो त्या हँगरजवळ. ॲक्सलच्या नळीखाली जॅक लावून ट्रेलर उचलायचा नाही, नळी वाकते आणि मग टायर एका कडेने झिजतात. उचलून लगेच बीमखाली स्टँड. एका वेळी एकच बाजू, दुसरी जागेवर राहिली की ॲक्सल फार सरकत नाहीत. दोन्ही चाकं काढल्यावर प्रत्येक ॲक्सलखाली एक छोटा जॅक फक्त टेकवून ठेवायचा, तो एक-दोन मिलिमीटर वरखाली करत राहिलं की बोल्टवरचा भार निघतो आणि तो सुटतो. हेच खरं कौशल्य, बाकी हातोडी.

या बोल्टच्या डोक्याखाली दाते असतात, ते हँगरच्या भोकात रुतून बसतात. म्हणजे बोल्टचं डोकं फिरवायचं नाही, डोकं धरून नट फिरवायचा. डोकं फिरवलं की दाते भोक कोरून मोठं करतात आणि मग हँगरच वेल्ड करावा लागतो. नट काढून टोकाकडून पितळी ठोकणीने मारत बाहेर. गंजलेले दोन काही केल्या हलेनात, शुक्रवारी रात्रीच गंजतेल मारून ठेवलं असतं तर दोन तास वाचले असते. एक शेवटी ग्राइंडरने कापला.

जुना बुश हातात घेतल्यावर दणक्यांचं उत्तर मिळालं. साधी पांढरी नळी असते ती. एका बाजूला नव्यासारखी जाड, भार येतो त्या बाजूला एवढी पातळ की आरपार उजेड दिसत होता, आणि मधल्या तीन ठिकाणी तर नळीच उरली नव्हती, काळी भुकटी फक्त. तिथे लोखंडावर लोखंड घासत होतं. बोल्टला नख अडकेल एवढी खाच. शॅकलची भोकं लंबगोल. प्रत्येक सांध्यावर आधी हा सगळा ढिलेपणा आपटायचा आणि मग पाटा काम करायचा. ट्रेलर फक्त सात वर्षांचा आहे.

ब्राँझचे बुश पाट्याच्या डोळ्यात हातोडीने ठोकू नका, कडा मुडपतात आणि बोल्ट जात नाही. मी लांब आट्याचा रॉड, दोन वॉशर, दोन नट घेऊन हळूहळू ओढून बसवले. बोल्ट घालताना त्याचं ग्रीसचं भोक घड्याळातल्या तीन किंवा नऊकडे ठेवायचं. बारा किंवा सहाकडे आलं तर भाराखाली भोक दाबलं जातं आणि ग्रीस बाहेरच येत नाही. एक चुकून बाराकडे गेला, पूर्ण ठोकून झाल्यावर लक्षात आलं, परत काढायची ताकद नव्हती, तसाच ठेवलाय.

शॅकलचे नट करकचून आवळायचे नाहीत, तुकडे फिरले पाहिजेत. चाकांचे नट टॉर्क रेंचने १०० फूट-पाउंड, आणि पहिल्या १०, २५, ५० मैलांनंतर परत तपासायचे.

स्टँडची जोडी ६० डॉलर, ग्रीस गन २५. पाठ दुखली त्याचे धरले नाहीत.

२३ ते २६ मे, मेमोरियल डे

लेक मिशिगनच्या काठावरचं एक पार्क. आय-९६ ने मस्किगनपर्यंत, मग यूएस-३१ ने वर. पहिल्या गॅस स्टेशनवर चाकांचे नट तपासले तर दोन थोडे फिरले, म्हणजे तपासणं उगाच नाही.

पाण्याची टाकी रिकामी नेली. ४० गॅलन म्हणजे ३३० पाउंडांच्या वर, आणि आमची टाकी ॲक्सलच्या मागे आहे, भरली की नाकावरचा भार आणखी कमी होतो. पार्कात पोचल्यावर नळावर भरली. टाकी पुढे असेल तर हिशोब उलटा होतो, आपली कुठे आहे ते खाली वाकून बघा.

पोचल्यावर पोरांनी आधी धावत जाऊन ट्रेलरचं दार उघडलं, कारण पैज लागली होती. हळदीचा डबा जागेवर. एक ग्लास आडवा. "बाबा, मायक्रोवेव्हची पट्टी पण आहे!" ती मी एप्रिलमध्येच नवीन स्क्रूने बसवली होती, ते सांगितलं नाही.

पोरगी येताना झोपली, मळमळ नाही. ग्रँड रॅपिड्सच्या आसपास एका पुलाच्या सांध्यावर जोरात आपटलो तेवढंच. पुलाच्या तोंडाशी रस्ता खचलेला असतो, तिथे काहीही लावा, बसणारच.

१४ जून

खर्च, ज्याला करायचंय त्याच्यासाठी: काटा दोन्ही वेळचा मिळून ४० च्या आसपास, क्लॅम्प ३०, किट २३०, स्टँड ६०, ग्रीस गन आणि ग्रीस ३५, गंजतेल, ग्राइंडरची चकती वगैरे २०. चारशे पंधरा झाले, म्हणजे निकामी ठरलेल्या एअरबॅगांपेक्षा पाच डॉलर कमी. मोठ्या रेंचबद्दल शेजाऱ्याला पैसे विचारले तर नको म्हणाला, बायकोने बटाटेवडे दिले, दुसऱ्या दिवशी रिकामा डबा परत आणून दिला आणि अजून आहेत का विचारलं.

ट्रेलरला शॉक ॲब्सॉर्बर लावायचे का हे राहिलंय. आमच्या ॲक्सलवर ब्रॅकेट नाहीत, वेल्ड करावे लागतील, एका वेल्डिंगवाल्याने ६५० सांगितले. आधी सप्टेंबरमध्ये मिशिगनच्या उत्तरेकडच्या वरच्या पेनिन्सुलात जाऊन येऊ, तिकडचे रस्ते बघून ठरवू.

आज ग्रीस मारलं. सगळ्या निपलमधून नवं ग्रीस गेलं आणि कडेने जुनं काळं बाहेर आलं, फक्त तो बाराकडे बसलेला बोल्ट घेईना, गनचा दांडा दाबला जात नव्हता. चेसिस जॅकने उचलून चाकावरचा भार काढला तेव्हा दोन दाबात गेलं. म्हणजे दर वेळी त्या एकासाठी जॅक काढावा लागणार. हिवाळ्यात ट्रेलर उभा असेल तेव्हा तो बोल्ट काढून फिरवून बसवायचाय, गंजतेल आदल्या रात्री.